‘काय नवं शे?’ : वाचनालयाच्या काउंटरवरून एक लांबलचक उत्तर

भुसावळच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. वय 27, शिफ्ट ड्युटी, जळगाव-भुसावळ अपडाऊन. तो लिहितो, "ताई, शाळा-कॉलेजात सगळे वाचतात ते माझं वाचून झालं, ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या, पु.ल. व.पु. झाले, कोसला दोनदा झाली. आता आज जे लोक लिहू राहिले त्यांचं वाचायचंय, कथा, कादंबरी, कविता, भयकथा, विज्ञान, सगळंच थोडं थोडं. पण दुकानात गेलं की तेच ते, नेटवर यादी शोधली की त्यात पण तेच ते. शोधायचं कसं?"

मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, 26 वर्षं झाली. तुला तू म्हणते, चालेल ना? काउंटरवर दिवसातून चार जण तरी अहिराणीत "काय नवं शे?", म्हणजे काय नवं आहे, असं विचारतात, त्यामुळं उत्तर पाठ आहे, फक्त ते लांबलचक आहे.

आधी एक. कोसला 1963 ची आहे. नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, अभिमान आहेच, पण साठ वर्षं उलटून गेलेली कादंबरी लोक अजून ‘नवीन साहित्य’ म्हणून मागतात तेव्हा मला हसू येतं. यात तुझी चूक नाही. दुकानदार काय करतो, जे खपतं ते दर्शनी ठेवतो, आणि खपतं ते तीस-चाळीस वर्षं खपत आलेलं असतं. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघतात, कधी तीनशेच. त्यातल्या किती पुण्या-मुंबईचा उंबरा ओलांडून आपल्याकडं येणार? दोन-चार आल्या तरी त्या मागच्या रॅकवर, कणा भिंतीकडं. म्हणून नवं पुस्तक दुकानात शोधायचंच नाही, ते पुस्तक व्हायच्या आधी जिथं असतं तिथं शोधायचं. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, बाकी नुसता तपशील.

तर ते आधी असतं कुठं? दिवाळी अंकात. 1909 साली का. र. मित्रांनी मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडं ही सवय आहे, लेखक वर्षभर लिहितो आणि दिवाळीला देतो. वर्षाला काही शे अंक निघतात, त्यातले बरेच जाहिराती गोळा करायलाच काढलेले असतात हेही सांगून टाकते. पण वीस-पंचवीस अंक असे आहेत की ते धरले तर पुढच्या तीन-चार वर्षांत कोणती पुस्तकं येणार ते तुला आजच कळतं. कथा आधी अंकात येते, मग दुसरी, मग पाचवी, मग कुणी प्रकाशक म्हणतो आता संग्रह करू. कादंबरीचा तुकडा पण बऱ्याचदा आधी अंकातच छापून येतो.

आता तू म्हणशील अंक तीनशे-चारशे रुपयाला एक, कोण घेणार. कुणी घेऊ नये! आमच्याकडं आणि बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते, ठरावीक पैसे भरायचे आणि संक्रांतीपर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही पुढं, एक परत करून दुसरा न्यायचा. भाऊबीज झाली की पहिल्या आठवड्यात ये, नंतर चांगले अंक हातोहात फिरत राहतात आणि तुझ्या वाट्याला राशिभविष्य येतं. मौज, साधना, अक्षर, मुक्त शब्द हे कथा-कविता-वैचारिक लेखांसाठी. ऋतुरंगमध्ये माणसं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहितात. धनंजय आणि नवल हे रहस्य, भय, विज्ञान असल्या गोष्टींसाठी. विनोद पाहिजे तर आवाज, त्याच्या त्या खिडकीच्या चित्रांसकट.

वाचायचं कसं तेही सांगते, कारण लोक अंक चाळतात आणि ठेवून देतात. एक छोटी वही कर. जी कथा आवडली तिचं नाव नको लिहू, लेखकाचं नाव लिही, अंक आणि साल लिही. दुसऱ्या वर्षी तेच नाव परत आलं आणि परत आवडलं की समोर टिक मार. दोन टिक झाल्या की त्या माणसाचं पुस्तक माग, नसेल तर आमच्या डोक्यावर बसून मागवून घे. मी स्वतः असंच करते, माझ्या आठ वह्या झाल्यात, आणि खरेदीच्या यादीत अर्धी नावं तिथूनच येतात.

हेच उलट्या बाजूनं पण करता येतं आणि हे फार कुणाला माहीत नाही. कथासंग्रह हातात घेतला की पहिल्या पानांत, नाहीतर शेवटी, एक बारीक टायपातला मजकूर असतो, ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून. कोणती कथा कोणत्या अंकात कोणत्या साली आली होती ते. लोक ते पान उलटून पुढं जातात. तू तिथं थांब. समज तुला एक संग्रह जाम आवडला आणि त्यातल्या सातपैकी चार कथा एकाच अंकातल्या निघाल्या, म्हणजे त्या अंकाच्या संपादकाची आवड आणि तुझी आवड जुळते. मग तो अंक धर, जुने मागून घे, आमच्या माळ्यावर दहा-बारा वर्षांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेत, धूळ झटकायची तयारी ठेव.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, तारीख चिठ्ठी. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला कागद असतो ना, परतीच्या तारखांचे शिक्के असलेला, आमच्याकडं त्यावर तारखेशेजारी सभासद क्रमांक पण लिहायची पद्धत होती. काही वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आलं की चांगल्या पण सहसा कुणी नेत नाही अशा पुस्तकांवर एक नंबर सारखा दिसतोय, 412. हे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका. बोलायला कमी, पुस्तक घेऊन गेले की बरोबर सातव्या दिवशी परत, पानाचा कोपरा कधी दुमडलेला नाही. हळूहळू दुसऱ्या सभासदांना पण कळलं आणि पोरं यायला लागली, "ताई, 412 नी काय नेलं?" म्हणून. काकांना पत्ता नव्हता, कळल्यावर लाजले, पण मनातून खूश झाले असावेत कारण त्यानंतर परत करताना "हे बरं शे" किंवा "हे जमतं नही" एवढं तरी म्हणायला लागले. मध्यंतरी आम्ही ई-ग्रंथालय सॉफ्टवेअरवर गेलो आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. काम सोपं झालं, खोटं कशाला बोलू, पण चिठ्ठीवर कुणाच्या आवडीचा माग लागायचा तो गेला. जुन्या पुस्तकांवर चिठ्ठ्या अजून आहेत. तुला आवडलेलं पुस्तक काढ, मागचं पान बघ, कोणता नंबर दोन-तीन ठिकाणी जुळतो ते बघ. कॉम्प्युटरवरून कुणी काय नेलं ते मी सांगणार नाही, ते बरोबर नाही, पण चिठ्ठी तर उघडीच आहे!

पुरस्कारांचं बोलते. पुरस्काराची यादी वाईट नसते, पण ती वाचायची कशी ते माहीत पाहिजे. साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी लोक येतात, "ते पुरस्कारवालं द्या". एका वर्षी एकांनी असंच नेलं आणि तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून परत, "मॅडम, यात गोष्टच नाही". नसणारच, ती समीक्षा होती. अकादमी कोणत्याही प्रकाराला पुरस्कार देते. 2024 चा सुधीर रसाळांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ला, ती समीक्षा. 2023 चा कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला, ती कादंबरी, धरणानं उठवलेल्या गावाची, आपल्या नंदुरबारकडच्या विस्थापितांना ओळखणाऱ्याला तर आत लागेल अशी. 2021 चा किरण गुरवांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला, त्या कथा. 2020 चा नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’ला, आणि त्यांनी तो नाकारला. म्हणजे आधी प्रकार बघ, मग पुस्तक उचल.

मला मोठ्या पुरस्कारापेक्षा युवा पुरस्काराची यादी जास्त कामाची वाटते. अकादमीनं तो 2011 पासून सुरू केला, पस्तीसच्या आतल्या लेखकांना मिळतो, म्हणजे आज जे तुझ्या वयाचे किंवा थोडे पुढचे आहेत ते यात सापडतात. अवधूत डोंगरे, मनस्विनी लता रवींद्र, प्रणव सखदेव, ही सगळी त्यातली नावं. 2024 ला देविदास सौदागरांच्या ‘उसवण’ला मिळाला, तुळजापूरकडचे, शिलाईकाम करणारे, आणि कादंबरी पण शिंप्याचीच आहे. रेडिमेडचे कपडे आल्यावर गल्लीतल्या टेलरचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, पण त्यावर कादंबरी होऊ शकते हे आपल्या डोक्यात कुठं आलं होतं?

आणि राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार, ते तर विसरूच नको, पेपरात एका कोपऱ्यात यादी येते आणि लोक बघत पण नाहीत. त्यात 35 प्रकार आहेत, कादंबरी वेगळी, लघुकथा वेगळी, विनोद वेगळा, पहिलं पुस्तक असलेल्यांचे वेगळे. तुला वेगवेगळ्या प्रकारचं वाचायचंय ना, मग ही यादी आधीच खणाखणांत लावलेली आहे. मजा म्हणजे त्यातले तीन पुरस्कार आपल्या खान्देशाच्या नावांनी आहेत. पहिल्या कवितासंग्रहाचा बहिणाबाईंच्या नावानं, मुलांच्या कवितेचा बालकवींच्या, मुलांच्या कादंबरीचा साने गुरुजींच्या. बालकवी 1918 ला भादली स्टेशनजवळ गाडीखाली गेले, तू रोज अपडाऊनमध्ये तिथून जातोस, माहीत होतं का?

कवितेचं थोडं वेगळं आहे. कवितासंग्रह कादंबरीपेक्षा कमी छापले जातात, वाचनालयं कमी घेतात, कारण मागणी नसते, आणि मागणी नसते कारण कपाटात दिसत नाहीत. पण त्यासाठी पुण्याकडं बघायची गरज नाही, धुळ्याकडं बघ. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 मध्ये धुळ्यातून ‘कवितारती’ हे नियतकालिक काढलं, फक्त कविता आणि कवितेबद्दल, दुसरं काही नाही. 2017 मध्ये ते गेले. महाराष्ट्रभरचे कवी धुळ्याच्या पत्त्यावर कविता पाठवायचे, ही काय छोटी गोष्ट आहे का? जुने अंक मिळाले तर सोडू नको, आज ज्यांची नावं मोठी आहेत त्यांच्या सुरुवातीच्या कविता त्यात भेटतात. आणि वाहरू सोनवणे वाच, शहाद्याकडचे, ‘गोधड’ नावाचा संग्रह, तो 1987 चा आहे म्हणजे तुझ्या हिशोबानं जुना, पण त्याच्यानंतर आलेल्या आदिवासी कवितेकडं जायचं दार तेच आहे. बहिणाबाईंचं बघ ना, 1951 ला गेल्या आणि पुस्तक 1952 ला आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. आसोदा-जळगावच्या लोकांनी ती गाणी जात्यावर, मळ्यात ऐकली असतील आणि कुणाला वाटलं पण नसेल की हे साहित्य आहे. त्यामुळं अहिराणीत कुणी कविता म्हणत असेल तर मी कान देते बरं का.

भय आणि रहस्य. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचले असशीलच, नसतील तर आधी ते. आजच्यांत हृषीकेश गुप्ते. त्याची भाषा जरा जड वाटते सुरुवातीला, पण जुन्या वाड्याचं वातावरण असं उभं करतो की लाईट गेली तर पुस्तक मिटावंसं वाटतं, आणि आपल्याकडं लाईट जातेच. तुझ्यासारख्या शिफ्टवाल्याला ऑडिओ पण चांगला पर्याय आहे, स्टोरीटेल 2017 ला भारतात आलं आणि मराठीत त्यांनी बरंच केलंय, थेट ऐकण्यासाठी लिहून घेतलेल्या मालिका पण आहेत, त्या छापील शोधत बसू नको. मला स्वतःला कानानं वाचायचं जमत नाही, मी भाकरी थापताना लावते आणि अर्धं विसरते.

विज्ञानकथेला मराठी विज्ञान परिषद धर. परिषद 1966 ची, दरवर्षी विज्ञानकथा स्पर्धा घेते. जयंत नारळीकरांनी 1974 ला याच स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ अशा खोट्या नावानं कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा दुसऱ्याकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ पण कथा कथा म्हणून वाचली जावी असं त्यांना वाटलं. आजचे विज्ञानकथाकार शोधायचे तर त्या स्पर्धेचे निकाल बघायचे आणि परिषदेची पत्रिका चाळायची, दुकानात ‘विज्ञान’ म्हटलं की दहावीची गाइडं दाखवतात.

नाटक छापून यायला उशीर होतो, ते बघितलेलं बरं, जळगावला राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात तिकडं जा.

अनुवादाबद्दल लोकांची नाकं मुरडलेली असतात. मला वाटतं आजचं कन्नड, हिंदी, उर्दू वाचायला आपल्याकडं मराठी अनुवाद हाच रस्ता आहे, आणि साहित्य अकादमीची अनुवादित पुस्तकं एवढी स्वस्त असतात की शेवभाजीच्या एका प्लेटीत एक पुस्तक येईल. फक्त अनुवादकाचं नाव बघून घ्यायचं. लेखकाइतकंच अनुवादकाचं नाव लक्षात ठेवायची सवय लागली की निम्मा कचरा आपोआप गळतो.

कचऱ्यावरून आठवलं. वाचनालयाचं सरकारी अनुदान मार्चच्या तोंडावर येतं, बिलं लगेच लागतात. एका वर्षी एक पुरवठादार म्हणाला, मॅडम यादी आमच्याकडं तयार आहे, सवलत पण जास्त देतो, तुम्ही फक्त सही करा. मी नवीन होते, घाईत होते, केली सही. गठ्ठे आले त्यात सव्वाशे पुस्तकं, त्यातली ऐंशी ‘यशस्वी व्हा’ छापाची, एकाच मजकुराला चार वेगवेगळी कव्हरं लावलेली, आणि बाइंडिंग असं की तिसऱ्या वाचकाच्या हातात पानं सुटी. ती अजून कपाटात आहेत, दाखल नोंदवहीत चढलेली असल्यामुळं सहज काढता पण येत नाहीत. तेव्हापासून मी यादी स्वतः करते. पण राज्यात अकरा हजारांच्या वर सार्वजनिक वाचनालयं आहेत, आणि सगळीकडं यादी करायला वेळ आणि माणूस असेलच असं नाही, म्हणून तुला कपाटात तेच ते दिसतं.

यावर तुझ्या हातात एक गोष्ट आहे, मागणी वही. बहुतेक वाचनालयांत असते, काउंटरखाली कुठंतरी दबलेली, मागून घे. पुस्तक, लेखक, प्रकाशक लिही, खाली सही आणि तारीख. संचालक मंडळात कुणी म्हणालं ना की ही असली पुस्तकं कोण वाचतं, की मी ती वही पुढं करते. तीन सह्या असल्या की पुस्तक येतं. मित्रांना पण सही करायला लाव, माझी हरकत नाही.

प्रकाशकांची नावं पण ओळखीची करून घे, म्हणजे कव्हर बघून अंदाज येतो. शब्द, लोकवाङ्मय गृह, पपायरस ही नवं आणि वेगळं छापणारी मंडळी. रोहनवाल्यांनी नव्या कथा-कादंबऱ्यांसाठी ‘मोहर’ नावाची वेगळी मालिका काढलीये. पॉप्युलर, मौज, राजहंस तुला माहीत असतीलच. राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं, तसा उल्लेख पुस्तकात असतो. त्यातलं सगळंच चांगलं असतं असं नाही, पण एखादा हिरा निघतो. महिन्याचं पाहिजे तर ‘ललित’ मासिक, 1964 पासून निघतंय, त्यात ‘ललित शिफारस’ असते, जाणकारांनी निवडलेली पुस्तकं, आमच्या टेबलावर येतो अंक. विकत घ्यायच्या आधी बुकगंगाच्या वेबसाइटवर बऱ्याच पुस्तकांची पहिली काही पानं वाचायला मिळतात, ती वाच. मी काय करते सांगू, वर्णन सोडून देते आणि संवाद शोधते. खेड्यातली म्हातारी टीव्ही मालिकेसारखी बोलत असेल तर पुस्तक ठेवून देते. माझं काही चांगलं पुस्तक यामुळं हुकलं पण असेल, हुकू दे.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, 1952 नंतर पहिल्यांदा, तू गेला होतास का? मी तिसऱ्या दिवशी दुपारून गेले, मुद्दाम, कारण शेवटच्या दिवशी प्रकाशकांना गठ्ठे परत न्यायचे नसतात. मांडवातल्या भाषणांपेक्षा स्टॉलवरच्या पोरांशी बोलले, कोणतं पुस्तक लोक उचलून बघतात आणि परत ठेवतात असं विचारत फिरले. त्यांना खरं माहीत असतं. तिथून पिशवीभर सूचीपत्रं आणली, फुकट, आणि त्यावरच पुढची दोन वर्षं काढली. दरवर्षी जिल्ह्याला ग्रंथोत्सव असतो, तिथं पण हेच करायचं. गर्दी नसते, निवांत बोलता येतं.

तुझ्यासाठी काही काढून ठेवू का विचारशील म्हणून सांगते, ‘उसवण’ आणि किरण गुरवांच्या कथा बाजूला ठेवल्यात. आम्ही सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8, सोमवारी बंद. रात्रपाळी करून येणार असशील तर सकाळी ये. 412 वाल्या काकांनी कालच दोन पुस्तकं परत केली, ती अजून कपाटात लावली नाहीत, टेबलावरच आहेत. एकाला "बरं शे" म्हणालेत.